भिंगरी जागची उठत नाही

६ फेब्रुवारी

ती. आईस,
ठकूचा सा. न. वि. वि.

आम्ही तीन दिवसांपूर्वी दवाखान्यातून घरी आलो. तुझा नातू माझ्या डाव्या हातावर झोपलाय आणि उजव्या हाताने मी हे लिहितेय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून लोकांची बोलणी कानात घेतलीस, म्हणून आता घरात फोनच नको म्हणतेस. ते सगळं मान्य आहे, पण बाळंतिणीला पत्र लिहायला लावणारी आई जगात तू एकटीच असशील.

बाळ जरासं पिवळं आहे. डॉक्टर म्हणाल्या की पहिल्या आठवड्यात पुष्कळ बाळांना अशी कावीळ होते, आपोआप उतरेल, उतरली नाही किंवा वाढतेय असं वाटलं तर लगेच आणा. तोवर भिंगरीने आपल्या भावाचं नाव लिंबू ठेवून टाकलंय आणि आम्हीही तेच म्हणतो. परवा मात्र या लिंबाने मला घाम फोडला. लंगोट बदलताना त्यावर विटकरी गुलाबी डाग दिसला, आणि रक्त समजून मी अशी किंचाळले की शेजारच्या मावशी पोळीचं लाटणं घेऊनच धावत आल्या. तुझे जावईबापू तो लंगोट वर्तमानपत्रात गुंडाळून तीन जिने उतरून दवाखान्याकडे पळाले. (गावभर लिफ्ट दुरुस्त करत फिरणाऱ्याच्या स्वतःच्या इमारतीत लिफ्ट नाही, हे तू नेहमी हसून सांगतेस, पण तेव्हा आम्ही कोणी हसलो नाही.) तिथली सिस्टर म्हणे शांतपणे लंगोट बघून म्हणाली की हे रक्त नव्हे. पहिले दिवस दूध कमी जातं, शू दाट होते, तिचे खडे असे दिसतात. भरपूर पाजा, आणि दिवसात सहा तरी दुपटी ओली होतात का ते मोजा. डाग तरीही दिसत राहिले तर दाखवायला आणा.

झालं! ह्यांनी लिफ्टच्या देखभालीचा तक्ता असतो तसा तक्ता आखून स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावलाय. वेळ, शू, शी, शेरा. काल सात झाल्या. आज आत्तापर्यंत चार. आम्ही दोघं त्या तक्त्यासमोर परीक्षेचा निकाल लागल्यासारखे उभे राहतो.

भिंगरीची मात्र काही कटकट नाही. साडेचार वर्षांची पोर, पण मी दवाखान्यात होते तेव्हा अख्खी दुपार बाकावर बसून राहिली, खाऊ नको, पाणी नको, शूसुद्धा नको. मावशींना म्हणाली, माझी आजी आठ तास खुर्चीवरून उठली नव्हती आणि तिला घड्याळ मिळालं. तुझ्याकडून आल्यापासून तिचा हाच खेळ चाललाय. बुटाच्या खोक्याला नाड्या बांधून तुझा टेलिफोनचा बोर्ड केलाय आणि एक टाच खाली घेऊन तिच्यावर बसून तासन् तास हॅलो हॅलो करते. नाव भिंगरी, आणि जागची हलत नाही!

तू आली नाहीस ते लागलं मला. गुडघ्याचं कळतं गं, पण भिंगरीच्या वेळी दोन महिने होतीस, म्हणून जास्त वाटतं. असो. पत्र लवकर टाक.

तुझ्या लोभातला थोडा वाटा लिंबालाही द्यावा ही विनंती.

तुझी,
ठकू

११ फेब्रुवारी

चि. सौ. ठकूस,
आईचे पोटभर आशीर्वाद.

पत्र मिळालं. लंगोटाची कथा मी तीनदा वाचली आणि जावईबापूंचा तो पळतानाचा अवतार डोळ्यासमोर आणून हसले. तूसुद्धा पहिल्या आठवड्यात असाच डाग काढला होतास आणि तुझे वडील तांब्याभर पाणी पिऊन मटकन खाली बसले होते. तेव्हा सांगायला सिस्टर नव्हती, आपोआप गेला. पण तुमच्या सिस्टरचं ऐका, माझं नको. आमच्या वेळी सगळं देवाच्या भरवशावर चालायचं आणि त्यात चुकाही व्हायच्या.

दुपटी साबणाची राहू देऊ नकोस, दोन पाण्यातून काढ. अंग लाल झालं तर पावडरी थापू नकोस, कोमट पाण्याने पूस आणि थोडा वेळ उघडाच ठेव. उघडा ठेवलास की तो कारंजं उडवणार, तेव्हा तोंड बाजूला ठेव.

भिंगरीचं वाचून ऊर भरून आला. खरी माझी नात! तुलाही मी असंच वळण लावलं होतं. प्रवासात, लग्नाकार्यात, कोणाच्या घरी गेलो तर, शहाणी मुलगी थांबते. तिकिटाच्या खिडकीवर सात ते एक न उठता बसतेस ते कोणाच्या जोरावर? तिला सांग, आजीने शाबासकी दिली आहे.

माझ्या येण्याचं म्हणशील तर गुडघा अजून कुरकुरतो. शिवाय मोरी गळते आहे, गवंडी आज येतो उद्या येतो करतो आहे. सहा तासांची बस मला झेपायची नाही. मन तिथेच आहे असं समज.

आईवर रुसू नये.

तुझी,
आई

२४ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

लिंबू आता पिवळा राहिला नाही, चांगला टोमॅटो झालाय. मांडीच्या सांध्यात जरा लाल झालं होतं, तू सांगितलंस तसं उघडं ठेवलं, दोन दिवसांत गेलं. कारंज्याचा प्रसाद जावईबापूंना मिळाला, तोही कामावर निघताना. आणखी एक. शू करायच्या आधी तो असा चेहरा करून रडतो की मला धडकी भरते. डॉक्टर म्हणाल्या की शू झाल्यावर हसतोय, दूध पितोय, ताप नाही, धार नीट आहे, म्हणजे काळजीचं दिसत नाही, पण लक्ष ठेवा. लक्ष काय, आमच्याकडे तक्ताच आहे.

आता भिंगरीचं. आई, तिला काय झालंय कळत नाही. दोन वर्षं कोरडी होती ही मुलगी. आता रोज चड्डी ओली. पूर्ण नाही, जराशी, पण रोज. शाळेतून येते ती दप्तर पुढे धरून येते. मी काल रागावले. लहान बाळ लंगोटात करतं, तू काय बाळ आहेस का, असं बोलून गेले. ती खोक्याचा बोर्ड घेऊन पलंगाखाली जाऊन बसली. नंतर मला इतकं वाईट वाटलं. पोटही दुखतं म्हणते. चार दिवसांत एकदाच शी झाली, तीही रडत. शेजारच्या मावशी म्हणतात की हा मत्सर आहे, भाऊ आला की असं होतंच.

शाळेतही विचारलं. बाई म्हणाल्या की भिंगरी वर्गात सगळ्यात शहाणी, मधल्या सुट्टीशिवाय कधी उठत नाही. आणि मधल्या सुट्टीत बाथरूमची कडी लागत नाही म्हणून मुली जायला लाजतात, असं एका मुलीच्या आईने सांगितलं. मी काय करू?

तू इथे असतीस तर तिने तुला सांगितलं असतं. तुझा गवंडी अजून आला नाही का गं?

रागाने नाही, थकून लिहिलंय. माया कमी करू नकोस.

तुझी,
ठकू

१ मार्च

चि. सौ. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

घाबरू नकोस. मत्सरच आहे. तू तिला दुपारी अर्धा तास एकटीला जवळ घे, लिंबाला मावशींकडे दे. आणि ओली चड्डी दिसली की बोलू नकोस, मुकाट्याने बदल. मी तुला बोलायचे ते चुकलंच होतं.

संध्याकाळनंतर पाणी कमी देत जा. आणि तिला माझी गोष्ट पुन्हा सांग, नीट रंगवून. कारखान्याला आग लागली त्या दिवशी सगळ्या गावाचे फोन एकदम आले, सुपरवायझरबाईंनी कोणाला उठू नका म्हणून सांगितलं, आणि तुझी आई दुपारी दोनपासून दहापर्यंत खुर्चीवरून हलली नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर टेबलावरचं घड्याळ दिलं. ते ऐकलं की ती आपोआप ताळ्यावर येईल, पोरीला मान मोठा आहे.

पोटासाठी पिकलं केळं दे. शाळेतल्या कडीचं बाईंना सांग, किंवा जावईबापूंनाच पाठव. लिफ्टचं दार बसवणाऱ्याला कडी जड नाही.

गवंडी येऊन गेला. आता गुडघाच तेवढा राहिला आहे. तो बरा झाला की येतेच.

तुझी,
आई

९ मार्च

आई,

नमस्कार मनात समज. मी दवाखान्यातून लिहितेय.

मंगळवारी भिंगरीला ताप आला. सर्दी नाही, खोकला नाही, घसा नाही, नुसता ताप, एकशे तीनपर्यंत. मग उलट्या. पाठ आणि पोट धरून ओरडत होती आणि शू करताना तर माझे केस ओढले तिने. ती शू उग्र वासाची आणि गढूळ. बुधवारी सकाळी तिला उचलून इथे आणलं. मत्सर नव्हता, आई. लघवीचा संसर्ग होता, वर मूत्रपिंडापर्यंत चढलेला.

इथल्या मुलांच्या डॉक्टरीणबाई फार समजूतदार आहेत. त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला की मुलगी दिवसातून किती वेळा शू करते. लिंबाचं विचारलं असतं तर तारीख, वेळ, शेरा, सगळं धडाधड सांगितलं असतं. एकाची दुपटी मोजत बसलो आणि दुसरी दिवसातून दोनदा जाते का तीनदा, हे आई असून मला ठाऊक नाही. तिथेच मला रडू फुटलं.

त्यांनी समजावलं ते तुला जसंच्या तसं सांगते. मुलींमध्ये हे पुष्कळ होतं, कोणाचा गुन्हा नाही. पण शू तासन् तास दाबून धरली, पाणी कमी प्यायलं, शी साठून राहिली, की आत जंतूंना आयतं घर मिळतं. ती टाचेवर बसते ना, तो खेळ नाही. शू अडवायला मुलं तसंच बसतात. आणि जराशी ओली चड्डी म्हणजे भरलेलं भांडं उतू जाणं. आम्ही पाणी तोडलं, तेच उलटं केलं. पुसतानाही पुढून मागे पुसायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं, मी तिला कुठून शिकवणार?

इंजेक्शनं चालू आहेत. ताप आज उतरलाय. पण सोनोग्राफीत उजवं मूत्रपिंड सुजलेलं दिसलं. दोन आठवड्यांनी पुन्हा बघणार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की औषध आपलं काम करेल, पण तिने दर दोन तासांनी जायलाच हवं, लागो न लागो, पायाखाली पाट घेऊन, घाई न करता. असंच धरून ठेवत राहिली तर हे पुन्हा पुन्हा होईल आणि एखादे वेळी मूत्रपिंडावर कायमचा व्रण राहील.

आणि ती जात नाही, आई. तीच खरी गोष्ट आहे, बाकी सगळं औषधाने भागेल. सिस्टर गोड बोलून थकल्या, हे तिच्यासमोर माकड झाले, मी हात जोडले. ओठ घट्ट मिटून, टाच घेऊन बसते. काल शेवटी बोलली. म्हणाली की आजी उठली नव्हती. आजी उठली नाही म्हणून आजी शहाणी. मी उठले तर मी लिंबूसारखी.

मला तुझा राग आलाय. लिहू नये, पण लिहिते. स्वतःचाही आलाय, कारण डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं की तुम्ही कामावर किती वेळा जाता, आणि मी मोठ्या ऐटीत सांगितलं की सात ते एक एकदाही नाही, पाणीच पीत नाही मी. ते सांगताना माझा आवाज तुझ्यासारखा झाला होता. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, तेव्हा कुठे मला उमजलं.

ती आमचं कोणाचं ऐकणार नाही. तुझं ऐकेल. तू ये, नाहीतर तिला लिही. काहीही कर, पण तिला उठव.

ठकू

१३ मार्च

चि. ठकूस,
आशीर्वाद. ते द्यायची लायकी राहिली असेल तर.

तुझं पत्र वाचून चूल पेटवली नाही. तुझा राग बरोबर आहे, तो मुळीच आवरू नकोस. पाणी तोडायला मीच सांगितलं होतं.

तिला वेगळं पत्र लिहिलं आहे, सोबत आहे. ते वाचून दाखव, मध्ये काही गाळू नकोस. पण त्याआधी तुला एक सांगायचं आहे, कारण ते तिला सांगायचं आणि तुला नाही, हे बरं दिसणार नाही.

माझा गुडघा ठणठणीत आहे. गवंडी तर बोलावलाच नव्हता. तीन वर्षं झाली, मला शू धरवत नाही. शिंकले, हसले, उभी राहिले तरी. बाजारात जाते तीही कुठे कुठे आडोसा आहे ते मनात मांडून. सहा तासांच्या बसमध्ये मी काय करणार होते? ड्रायव्हरला सगळ्यांसमोर थांबवा म्हणून सांगणार? बत्तीस वर्षं न उठलेली बाई मी. तुझं बाळंतपण मी या एका लाजेपायी चुकवलं. तुझ्या हाताला हात द्यायला कोणी नव्हतं, आणि मी इथे खोट्या गुडघ्याला शेक देत बसले होते. शेजारीण विचारायची तेव्हा लंगडूनही दाखवायचे. हसू नकोस. बरं, हस.

डॉक्टरांना अजून दाखवलेलं नाही. कोणत्या तोंडाने सांगावं ते कळत नाही.

तुझी,
आई

(सोबतचं)

माझ्या लाडक्या भिंगरीस,
आजीचे खूप खूप पापे.

तुला ताप आला होता ना? इंजेक्शनही घेतलंस म्हणे. मी इथे तुझी आठवण काढत बसले आहे.

भिंगरी, तुला मी एक गोष्ट सांगायचे ना, आगीच्या दिवसाची? ती गोष्ट मी खोटी सांगितली. थोडी खरी आणि थोडी खोटी. आज सगळी खरी सांगते. ही मी तुझ्या आईलासुद्धा कधी सांगितली नाही.

त्या दिवशी खूप फोन आले होते, हे खरं. सुपरवायझरबाई म्हणाल्या होत्या की कोणी उठायचं नाही, हेही खरं. मला चार वाजता शू लागली. मी धरली. सहा वाजता पोटात दुखायला लागलं. मी टाचेवर बसले, तू बसतेस ना, अगदी तशी. आणि आठ वाजता, भिंगरी, मला धरताच आली नाही. मी खुर्चीतच शू केली. एवढी मोठी आजी, नवी साडी, आणि खुर्चीतून खाली फरशीवर आली. मला वाटलं आता मी मरूनच जाते.

माझ्या शेजारच्या बोर्डवर माझी मैत्रीण बसायची. तिने पाहिलं. तिने आपला पाण्याचा तांब्या उचलला आणि माझ्या मांडीवर ओतला. सगळा. आणि मोठ्याने म्हणाली की अगंबाई, सांडला की! सगळ्यांना वाटलं ते पाणीच आहे. सुपरवायझरबाई तिला खूप रागावल्या, तिचं नाव वहीत लिहिलं. पुढच्या महिन्यात मला न उठल्याबद्दल घड्याळ मिळालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मैत्रिणीनेही वाजवल्या. मी तिला सगळ्यांसमोर काही म्हणाले नाही. एकटीलाही नाही. मला लाज वाटत होती.

म्हणजे आजी शहाणी नव्हती. आजी भित्री होती. शहाणी असती तर चार वाजता हात वर करून सांगितलं असतं की बाई, मला जायचंय. बाई रागावल्या असत्या. रागावू देत! रागावलेलं संध्याकाळपर्यंत विसरतं.

लिंबू लहान आहे, त्याला शू आली हे कळतच नाही. तुला कळतं. कळलं की उठून जाणारी मुलगी मोठी असते. उठते म्हणून लहान, असं आजीने तुला शिकवलं ते चुकीचं होतं. तू आता आजीचं जुनं ऐकू नकोस, हे नवं ऐक.

अजून एक गुपित. आजीने इतकी वर्षं धरून ठेवलं, आणि आता आजीला धरता येतच नाही. म्हणून मी तुमच्याकडे बसने येत नाही. मला भीती वाटते.

तुझी,
आजी

२७ मार्च

ती. आईस,
तुझ्या वेड्या ठकूचा सा. न. वि. वि.

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. काल पुन्हा सोनोग्राफी झाली. सूज उतरली आहे. लघवीही स्वच्छ आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की असंच चालू ठेवा, ताप आला तर वाट न बघता लघवी तपासायला आणा. मी त्यांच्या टेबलावर डोकं टेकून रडले आणि लिंबाने त्याच मुहूर्तावर त्यांच्या खुर्चीवर कारंजं उडवलं.

तुझं पत्र मी तिला घरी आणल्यावर पलंगावर वाचून दाखवलं. तांब्याशी आल्यावर मी कागद ह्यांच्या हातात दिला, पुढचं ह्यांनी वाचलं. मला वाटलं, काही फरक पडणार नाही. मग तिने विचारलं की आजीची साडी वाळली का. मी म्हटलं, वाळली असेल. मग अंगावरचं पांघरूण बाजूला करून म्हणाली की मला उतरव. उतरवलं. स्वतः चालत गेली, दार लावायला मला हाकललं, आणि आई, आतून इतका वेळ आवाज आला की हे दाराबाहेर माझा हात धरून उभे होते. तेव्हापासून जाते. रोज नाही ऐकत. परवा भातुकली सोडवेना म्हणून टाच लावून बसलीच होती. पण सांगितलं की उठते. शाळेतली कडी ह्यांनी बसवून दिली. मीही पुढच्या महिन्यात खिडकीवर परत जाईन तेव्हा दहा वाजता पाच मिनिटांची पाटी लावणार आहे, रांगेने काय म्हणायचं ते म्हणू दे.

तुझ्यावर मी आता रागावलेली नाही. पण इतकी वर्षं एकटीने लपवलंस, त्याबद्दल मात्र भांडणार आहे, समोरासमोर. आमच्या डॉक्टरीणबाईंना मी नाव न घेता विचारलं. म्हणाल्या की या वयात पुष्कळ जणींना होतं, व्यायाम असतात, औषध असतं, आणि सगळ्याच जणी गुडघाच सांगतात.

खाली भिंगरीने सांगितलं तसं लिहिते. एक शब्द बदलायचा नाही, अशी मला ताकीद आहे.

माझी आजी,

तू भित्री नाहीस. तू थोडी भित्री आहेस. तुझ्या मैत्रिणीला पण पत्र लिही, तिला थँक्यू राहिलंय.

काल वर्गात मला शू लागली. मी हात वर केला. बाईंनी विचारलं काय, तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि एक मुलगा हसला. मला खूप लाज वाटली. तरी गेले. परत आले तेव्हा सगळे चित्र रंगवत होते, कोणी काही म्हणालं नाही.

बाबा रविवारी त्यांच्या कामाची गाडी घेऊन तुला आणायला येणार आहेत. तू म्हणशील तिथे गाडी थांबवणार आहेत, कितीही वेळा, असं त्यांनी मला वचन दिलंय. मी पण येणार आहे. तुला एकटीला लाज वाटेल ना? मग आपण दोघी उतरू.

तुझी,
भिंगरी